पुण्यातल्या ब्रुअऱ्या : कुठे जावं, काय मागवावं

फेसाळ

पुण्यात बिअर प्यायला कुठे जाऊ असं विचारलं की लोक दिव्यांबद्दल बोलायला लागतात. छत किती उंच आहे, गाणी कुठल्या वारी असतात, फोटो कुठे छान येतो. बिअर कशी आहे हे कोणी सांगत नाही. म्हणून हा धागा काढतोय. इथे फक्त त्याच जागांबद्दल बोलू, जिथे बिअर स्वतःच्या टाकीत होते किंवा छोट्या ब्रुअरीतून केग (पिंप) भरून ताजी येते. बाटलीतल्या बिअरबद्दल माझं काही वाकडं नाही, पण तिच्यासाठी कोपऱ्यावरची परमिट रूम पुरते.

नव्या मंडळींसाठी थोडी पार्श्वभूमी. आपल्याकडे हे प्रकरण २००९ मध्ये सुरू झालं. एनआयबीएम-उंड्रीच्या बाजूला कोरिंथियन्स क्लबात 'डुलाली' निघाली. सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी हे दोघे, आणि बिअर करायला ऑलिव्हर शाउफ हे जर्मन ब्रूमास्टर. तोवर पुण्यात वेटर दोनच प्रश्न विचारायचा : स्ट्राँग की माइल्ड, आणि चकण्याला काय. गव्हाची गढूळ बिअर समोर आल्यावर "ही खराब झालीये, बदलून द्या" म्हणणारी टेबलं तेव्हा पाहिली आहेत. मग २०१४ मध्ये मुंढव्यात 'इंडिपेन्डन्स' आणि कोरेगाव पार्कात 'एफिनगट' आलं. अमनोरात 'टीजेज ब्रूवर्क्स' आहेच. पुढे बंगळूरचं 'टॉइट' कल्याणीनगरला आलं. नकुल भोसले यांच्या 'ग्रेट स्टेट एलवर्क्स'ने आपल्या मातीतली फळं-धान्यं टाकीत घालायला सुरुवात केली. डुलालीने २०१५ मध्ये अंधेरीला टॅपरूम (नळावरची ताजी बिअर देणारी जागा) काढली आणि नंतर ती जास्त मुंबईचीच झाली, याचं पुणेकर म्हणून थोडं वाईट वाटतं.

माझं म्हणणं एवढंच आहे : जागा निवडू नका, टाकी निवडा. बसल्यावर पहिला प्रश्न "काय चांगलं आहे?" हा विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी "सर, सगळंच" असं असतं. "या आठवड्यात कुठली नवीन लागली?" असं विचारा. वेटरला माहीत नसेल तर तो बारवर विचारून येतो, आणि तिथून येणारं उत्तर खरं असतं. पेल एल ही फिकट बिअर आणि आयपीए ही तिची जास्त कडवट बहीण ताज्याच प्याव्यात, कारण हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या कडवट फुलांचा, सुगंध आठवड्यागणिक उतरत जातो आणि मागे नुसता कडवटपणा उरतो. स्टाउट, पोर्टर या काळ्या बिअर थोडे दिवस थांबल्याने बिघडत नाहीत.

पहिल्यांदा जाणाऱ्याने थेट मोठा ग्लास सांगू नये. बहुतेक ठिकाणी छोट्या ग्लासांचा सॅम्पलर मिळतो, तो घ्या. क्रम सौम्याकडून तीव्राकडे : आधी गव्हाची, मग धणे आणि संत्र्याची साल घातलेली बेल्जियन विट, मग पेल एल, मग आयपीए, शेवटी काळी. उलट्या क्रमाने गेलात तर स्टाउटनंतर गव्हाची बिअर पाणी लागते, आणि बिचाऱ्या ब्रूमास्टरला शिव्या बसतात.

अजून एक. ग्लास हातात आला की आतल्या काचेला बुडबुडे चिकटलेत का ते बघा. फेसातले नव्हेत, बाजूच्या काचेला चिकटून बसलेले. असतील तर ग्लास नीट धुतलेला नाही, साबण किंवा तेलकटपणा राहिलाय. फेसही लगेच बसतो. ग्लास बदलून मागा, बदलून देतात.

आता तुम्ही बोला.

बावधनकर

उत्तम धागा. एक शंका : बिरा ९१ क्राफ्टमध्ये, म्हणजे छोट्या ब्रुअरीच्या बिअरमध्ये, धरायची का? ऑफिसातले सगळे तिलाच क्राफ्ट म्हणतात.

फेसाळ

२०१५ मध्ये आली तेव्हा ती बेल्जियममध्ये तयार होऊन इथे येत होती, नंतर उत्पादन भारतात आलं. बाटलीतून, कॅनमधून देशभर विकली गेलेली बिअर आहे ती. लोकांच्या जिभेला गव्हाच्या बिअरची सवय लावली, हे श्रेय तिला द्यावंच लागेल. पण या धाग्याचा विषय टाकीशेजारी बसून प्यायची बिअर हा आहे.

आजोबा सदाशिव

इथे पूर्वी गाथेवर, गडांवर चर्चा होत असत. आता कुठली दारू कुठे ताजी मिळते यावर धागे निघू लागले. चालू द्या.

फेसाळ

काका, गडांचे धागे आजही पहिल्या पानावरच आहेत, आणि तिथे लिहिणारे निम्मे लोक इथेही आहेत. तुमचा आक्षेप मान्य. ज्यांना प्यायची नाही त्यांनी पिऊ नये, हे माझंही मत आहे.

शेंगदाणा

पहिल्यांदा गव्हाची बिअर घेतली तेव्हा सरळ शिकरणाचा वास आला. वेटरला म्हटलं, यात केळं घातलंय का? तो म्हणाला, नाही सर, नॅचरल आहे. नॅचरल म्हणजे काय हो? एसेन्स मारतात का?

घरगुती यीस्ट

एसेन्स नाही. ते यीस्टचं काम आहे. (मी काही वर्षं एका ब्रुअरीत टाक्यांवर होतो, नाव विचारू नका.) जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला जे यीस्ट वापरतात ते आंबताना आयसोअमाइल ॲसिटेट नावाचं सुगंधी संयुग (एस्टर) तयार करतं. पिकलेल्या केळ्याला वास येतो तो त्याच संयुगाचा. त्याच यीस्टमधून लवंगेसारखा वासही येतो. टाकीचं तापमान थोडं वर ठेवलं की केळं पुढे येतं, खाली ठेवलं की लवंग. त्यामुळे एकाच पाककृतीची बिअर दोन ब्रूमास्टर अगदी वेगळी काढतात. काहीजण केळं मुद्दाम वाढवतात, कारण आपल्या लोकांना ते आवडतं. मला विचाराल तर लवंग थोडी जाणवली पाहिजे.

बाकी काम म्हटलं तर साधं आहे. माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली किंवा गहू) भरडायचं, साधारण ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचं, म्हणजे पिष्टाची साखर होते. गाळायचं, तास-दीड तास उकळायचं, उकळताना हॉप्स. सुरुवातीला घातलेले हॉप्स कडवटपणा देतात, शेवटी घातलेले सुगंध. मग गार करून यीस्ट. एल, म्हणजे गव्हाची, आयपीए, स्टाउट या सगळ्या, १८ ते २२ अंशांवर आंबते आणि दोन-तीन आठवड्यांत ग्लासात येते. लागर थंड तापमानात आंबते, तिला महिना-दीड महिना टाकी अडवून ठेवावी लागते. म्हणून ब्रूपबमध्ये (जिथे बिअर तिथेच होते अशा पबात) लागर कमी दिसते. टाकी अडकली की धंदा अडकतो.

आणि या सगळ्यातला दिवसाचा मोठा भाग धुण्यात जातो. टाकी धुवा, पाइप धुवा, पुन्हा टाकी धुवा. "किती मस्त नोकरी" म्हणणाऱ्यांना मी गमबूट दाखवायचो.

हळदकुंकू

माझी एक तक्रार नोंदवून घ्या. मी आणि नवरा जातो. तो पीत नाही, गाडी तोच चालवतो. मला स्टाउट आवडते. ऑर्डर मी देते, स्पष्ट आवाजात : एक स्टाउट, एक लाइम सोडा. वेटर येतो, स्टाउट त्याच्यापुढे आणि लाइम सोडा माझ्यापुढे ठेवतो. दर वेळी. एकदा तर आम्ही ग्लास अदलाबदल करत होतो तर तोच वेटर येऊन नवऱ्याला म्हणाला, "सर, मॅडमला कडू लागेल."

आणि लेडीज नाइटचं काय कौतुक! फुकट मिळते ती रंगीत सरबतात मिसळलेली व्होडका. बिअर मागितली की "ती ऑफरमध्ये नाही मॅडम". बायकांना कडू चालत नाही हे कोणी ठरवलं? कारल्याची भाजी घरोघरी आम्हीच खातो.

शेंगदाणा

मॅडमला कडू लागेल 😂😂

बंगळूरी पुणेकर

कौतुक पुरे. बंगळूरला या आणि मग बोला. टॉइट २०१० पासून इंदिरानगरात आहे, त्यानंतर तिथे रांगच लागली. हवा बारा महिने बिअरची. पुण्यात मुंढवा-कोरेगाव पार्क-कल्याणीनगरचा पट्टा सोडला तर आहे काय? कोथरूडच्या माणसाने पाइंट प्यायला अख्खं शहर ओलांडायचं?

बावधनकर

हे मात्र खरं आहे. आमच्या बाजूला बाणेर-बालेवाडीपर्यंत काही ना काही निघतंय, पण मूळ ठिकाणं सगळी नदीपलीकडे.

फेसाळ

संख्येत बंगळूर पुढे आहे, वादच नाही. पण तिथे मी जिथे-जिथे गेलो तिथे मेन्यू साधारण तोच : एक गव्हाची, एक बेल्जियन, एक आयपीए, एक स्टाउट, एक आंब्याची. पुण्यात पसारा लहान पण खोडी जास्त. सफरचंदाची सायडर इथे लोकांनी मनापासून स्वीकारली. मध आंबवून केलेली मीड इथे सुरू झाली. कोकम, जांभूळ, हापूस घालून बिअर करणारे लोक इथले आहेत. कोकम आणि चिमूटभर मीठ हे आंबट बिअरमध्ये किती चपखल बसतं ते प्यायल्याशिवाय कळणार नाही. जर्मनीत 'गोझं' नावाची आंबट-खारट बिअर आहेच, आपल्याकडे त्याच जागी सोलकढी पिऊन तयार झालेली जीभ आहे.

आंब्याच्या बिअरबद्दल मात्र सावध. हापूस आंबला की त्याची साखर यीस्ट खाऊन टाकतं आणि गोडवा जातो, उरतो फक्त वास आणि थोडा आंबटपणा. ग्लासातून आमरस येत असेल तर तो नंतर ओतलेला आहे.

गुपचूप

कोथरूडवाल्यांनी रडगाणं बंद करावं. वनाझला मेट्रोत बसा, कल्याणीनगरला उतरा, गाडी बदलायची नाही. कोरेगाव पार्कसाठी बंडगार्डन स्टेशन. तिथून रिक्षा. मार्च २०२४ पासून रामवाडीपर्यंत मार्ग सुरू आहे. फक्त शेवटच्या गाडीची वेळ जातानाच बघून ठेवा, दुसऱ्या ग्लासानंतर कोणी बघत नाही.

नारायणपेठी

मेट्रोचा मुद्दा हलक्यात घेऊ नका. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला त्या पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांना उडवलं, ते याच पट्ट्यात. चालवणारा मुलगा अल्पवयीन होता आणि पबमधून निघाला होता. त्यानंतर तपासण्या वाढल्या, ओळखपत्रं बघायला लागले, रात्रीच्या वेळा कडक झाल्या. आमच्यातल्या काहींनी तेव्हाही कुरकुर केली, "आम्हाला कशाला त्रास". मला त्या कुरकुरीचा राग येतो. पन्नाशीचा माणूस आहे, केस पांढरे आहेत, तरी दारावर आधार कार्ड मागितलं तर मी काढून देतो.

प्यायची असेल त्या दिवशी दुचाकी घरी ठेवायची. एक ग्लास, हलकी बिअर, जवळच तर आहे, हे काहीही नाही.

हळदकुंकू

नारायणपेठी, +१. म्हणूनच आमच्यात ड्रायव्हर ठरलेला आहे, आणि लाइम सोडा त्याचाच आहे, हे वेटरलोकांनी समजून घ्यावं.

शेंगदाणा

वयाची अट नक्की किती? भाचा एकवीस पूर्ण झालाय, न्यायचा विचार आहे.

नारायणपेठी

महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१, बाकीच्या दारूला २५. कायदा १९४९ चा आहे, मुंबई दारूबंदी कायदा म्हणून आला आणि आता नावात महाराष्ट्र आहे. त्यात मुळात बंदी आहे आणि परवाना हा अपवाद. म्हणून प्यायचाही परवाना लागतो, एका दिवसाचा किंवा आजीवन. फार थोडे लोक काढतात. मी आजीवन काढून ठेवलाय, पाकिटात असतो, मित्र हसतात. हसू देत. आणि अनंत चतुर्दशी, २ ऑक्टोबर असे कोरडे दिवस बघून बेत ठरवा.

शेंगदाणा

याच कायद्यात घरी बिअर करता येते का? यूट्यूबवर किट दाखवतात.

घरगुती यीस्ट

नाही. परवान्याशिवाय दारू बनवणं हा गुन्हा आहे, पाच लिटर असो वा पन्नास. माझं टोपणनाव बघून मला कोणी पाककृतीचे निरोप पाठवू नयेत. घरी मी फक्त पाव आणि इडल्या आंबवतो.

म्युनिकवासी

इकडून नमस्कार. मूळ पुणे, पंधराएक वर्षं बव्हेरियात. फेसाळ म्हणतात त्या "जागा नको, टाकी बघा" याला इथल्या अनुभवाची जोड देतो. बांबर्ग म्हणून लहानसं गाव आहे, तिथे माल्ट लाकडाच्या धुरावर वाळवून केलेली राउखबिअर मिळते. 'श्लेंकेर्ला' तिच्यासाठी प्रसिद्ध. पहिल्या घोटाला धुराने नाक भरतं, जमेल असं वाटत नाही. तिथला नियमित गिऱ्हाईक शांतपणे सांगतो, तिसऱ्या ग्लासापर्यंत थांबा. खोली साधी, लाकडी बाकं, अनोळखी लोक शेजारी येऊन बसतात. संगीत अजिबात नाही. पुण्यात सुट्टीवर येतो तेव्हा बिअर आवडते, पण आवाजाने जीव जातो. समोरच्याला "कशी आहे?" हे विचारायला ओरडावं लागतं.

ते १५१६ चं शुद्धतेचं फर्मान मात्र इथेही लोक अति मिरवतात. पाणी, बार्ली, हॉप्स, बस. त्या फर्मानाच्या चौकटीत आपली कोकमवाली बसत नाही. फर्मान गेलं खड्ड्यात, कोकमवाली पाठवा.

बंगळूरी पुणेकर

आवाजाबद्दल शंभर टक्के सहमत. बंगळूरलाही तेच.

फेसाळ

यावर उपाय : दुपार. शनिवारी किंवा रविवारी बारा ते चार. गर्दी नाही, डीजे आलेला नसतो, बारवरच्या माणसाला बोलायला वेळ असतो. मी विचारल्यावर एकाने टाक्यांच्या काचेपलीकडे उभं करून भरडलेलं माल्ट हातावर ठेवलं होतं. चघळलं, भाजलेल्या गव्हासारखं गोड लागलं. आठवड्याच्या मधल्या संध्याकाळीही बऱ्या असतात. शुक्रवार रात्र ज्यांना नाचायचंय त्यांना सोडून द्या.

डोंबिवलीकर

पुणेकरांनो, मुंबईचं नाव नाही आणि डोंबिवलीचं तर नाहीच नाही! 'गेटवे ब्रुइंग' डोंबिवलीची आहे. व्हाइट झेन ही गव्हाची बिअर दक्षिण मुंबईतल्या पबांत मिरवली जायची ती इथून केग भरून जात होती. डोंबिवली एमआयडीसी म्हटलं की लोकांना फक्त केमिकलचे वास आठवतात. लोअर परळला 'बार्किंग डिअर' होतं, एका अमेरिकन माणसाने काढलेलं. मुंबईतला पहिला ब्रूपब तोच. त्याने परवान्यांसाठी मारलेल्या खेपांच्या कहाण्या तेव्हा वर्तमानपत्रांतही आल्या होत्या. आता ते बंद झालं.

फेसाळ

डोंबिवलीकर, चुकून राहिलं नव्हतं, तुमची वाट बघत होतो :)

बावधनकर

आता एक गाऱ्हाणं. मागच्या महिन्यात एका नामवंत ठिकाणी (नाव लिहीत नाही) लागर मागवली. तोंडाला लावली तर पॉपकॉर्नचा बटरी वास. वेटर म्हणाला तिची चवच तशी आहे. खरंच असते का?

घरगुती यीस्ट

नसते. त्याला डायअसिटिल म्हणतात. यीस्ट आंबवताना ते तयार होतं आणि शेवटी यीस्टच ते परत शोषून घेतं, पण त्यासाठी त्याला दोन-तीन दिवस थोड्या उबेत शांत बसू द्यावं लागतं. टाकी रिकामी करायची घाई झाली की ते राहून जातं. दुसरं कारण, टाकीपासून नळापर्यंतचे पाइप. ते दर दोन आठवड्यांनी तरी धुवायला हवेत. नाही धुतले तर आत जंतू वस्ती करतात आणि टाकीतली चांगली बिअर नळाशी येईपर्यंत बटरी किंवा आंबट होते.

ओळखायची युक्ती : दुसऱ्या नळाची बिअर मागवून बघा. तिलाही तोच वास असेल तर पाइपांवर संशय घ्या. एकाच बिअरला असेल तर बहुधा टाकीची घाई. हिरव्या सफरचंदाचा वास आला तर बिअर कच्ची आहे, ओल्या पुठ्ठ्याचा आला तर शिळी. दोन्हींत परत पाठवायला लाजू नका. ब्रूमास्टरपर्यंत तक्रार पोचली तर तो मनातून तुमचे आभारच मानतो. मधले लोक पोचू देत नाहीत ही खरी अडचण.

आजोबा सदाशिव

पाण्याचं काय? आपल्या खडकवासल्याच्या पाण्याला तोड नाही असं आम्ही ऐकत आलो.

घरगुती यीस्ट

काका, आलात का धाग्यावर! पाणी महत्त्वाचंच, बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त तेच असतं. धरणाचं पाणी मऊ आहे आणि ब्रुअरीला मऊ पाणी सोयीचं, हवे ते क्षार वरून घालता येतात. पण पूर्वेकडच्या बऱ्याच जागा बोअर आणि टँकरवर चालतात आणि ते पाणी जड. म्हणून आरओ करून सगळं काढून टाकायचं आणि मग जिप्सम, कॅल्शियम क्लोराइड मोजून घालायचं. जिप्समने कडवटपणा टोकदार होतो, क्लोराइडने चव गोलसर. म्हणजे खडकवासल्याचा अभिमान बाळगा, पण ग्लासात तो असेलच असं नाही.

शेंगदाणा

आयपीए म्हणजे इंग्रजांनी भारतात पाठवायला शोधलेली बिअर, जहाजात टिकावी म्हणून हॉप्स जास्त, हे बरोबर ना? काल टेबलावर यावरून वाद झाला.

म्युनिकवासी

अर्धं बरोबर. लंडनच्या बो भागात हॉजसन नावाचा ब्रुअर होता, त्याची ब्रुअरी ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीजवळ आणि जहाजांच्या कप्तानांना तो लांबच्या मुदतीची उधारी द्यायचा. म्हणून त्याची बिअर इकडे आली. जास्त हॉप्सची, मुरवून प्यायची पेल बिअर इंग्लंडात आधीपासून होती, खास भारतासाठी कोणी शोधून काढली नाही. १८२० च्या दशकात इंग्लंडातल्याच बर्टन गावच्या ब्रुअरांनी हा धंदा हातात घेतला. आणि भारतातले गोरे शिपाई प्यायचे ती जास्त करून काळी पोर्टर. पेल एल साहेबांसाठी.

शेंगदाणा

म्हणजे वाद मी अर्धा जिंकलो.

हळदकुंकू

खाण्याबद्दल कोणीच बोललं नाही. माझे निष्कर्ष : आयपीएबरोबर तिखट नको. हॉप्सचा कडवटपणा आणि मिरची एकमेकांना चढवतात, तोंड भाजतं. तिच्याबरोबर साधे खारे दाणे किंवा बटाट्याच्या काचऱ्या. तिखट खायचं असेल तर गव्हाची बिअर. सुके बोंबील आणि गव्हाची ही जोडी कुठल्याच मेन्यूवर नाही, आणि ती असायला हवी. स्टाउटबरोबर गोड खा. पब मात्र सगळ्याबरोबर नाचोच देतात, वर ते प्लास्टिकसारखं चीज. पुण्यात बसून कोथिंबीर वडी मिळू नये?

बावधनकर

ज्यांना गहू-बार्ली चालत नाही त्यांच्यासाठी काही? बायकोला ग्लूटेनचा त्रास आहे.

फेसाळ

सायडर किंवा मीड. सायडर सफरचंदाची, मीड मधाची, दोन्हींत धान्य नसतं, तरी घटक एकदा विचारून घ्या. मीडसाठी आपल्याकडे 'मूनशाइन' आहे, रोहन रेहानी आणि नितीन विश्वास यांनी पिरंगुटच्या बाजूला काढलेली. २०१८ मध्ये बाजारात आली. बावधनहून तुम्हाला जवळच! तेव्हा उत्पादन शुल्क खात्याच्या नियमांत मीड असा प्रकारच नव्हता, त्यामुळे ती बसवायची कुठल्या खान्यात इथपासून सुरुवात होती. कॉफीची चव असलेली मीड माझी आवडती, पण पत्नीला आधी सफरचंदाची द्या.

गुपचूप

बिलाबद्दल एक आगाऊ सूचना. पाइंट साधारण साडेतीनशे-चारशेच्या घरात, वर कर. दारूवर जीएसटी नसतो, व्हॅट असतो, आणि खाण्यावर जीएसटी. त्यामुळे बिलात दोन वेगळे कर दिसले तर भांडू नका. सेवाशुल्क मात्र ऐच्छिक आहे, काढायला सांगता येतं. मी वेटरच्या हातात रोख देतो आणि शुल्क काढायला लावतो, म्हणजे पैसे कोणाला मिळाले ते कळतं.

नारायणपेठी

चारशेला एक ग्लास. कोपऱ्यावरच्या परमिट रूममध्ये तेवढ्यात मी बाटली, दाणे आणि वेटरची विचारपूस, तिन्ही घेतो.

फेसाळ

नाकारत नाही. हॉप्स आणि बरंचसं माल्ट परदेशातून येतं, टाक्या महाग, आणि मुंढव्याचं भाडं तर विचारूच नका. म्हणूनच म्हणतो, चारशे मोजायचेच असतील तर ते टाकीतल्या मालासाठी मोजा. झुंबरासाठी कशाला?

बावधनकर

शेवटचा प्रश्न. घरी नेता येते ना? ती मोठी बाटली असते त्यात.

घरगुती यीस्ट

ग्रोलर. २०२० मध्ये टाळेबंदीत टाक्या भरलेल्या आणि पब बंद, तेव्हा राज्याने पार्सलला परवानगी दिली. नाहीतर हजारो लिटर गटारात गेली असती. सगळीकडे देतात असं नाही, फोन करून विचारा. भरताना समोर उभे राहा. बाटली आधी थंड हवी आणि गळ्यापर्यंत भरायला सांगा, वर हवा राहिली की बिअर लवकर उतरते. गाडीच्या डिकीत तापू देऊ नका. फ्रिजमध्ये बंद ठेवली तर तीन-चार दिवस, उघडली की त्याच दिवशी संपवा. आयपीए नेऊ नका, गव्हाची न्या. आणि नेताना पावती खिशात ठेवा, नाक्यावर विचारलं तर कामाला येते.